वाराभाऊ

उन्हाळा लागला की नागपूरकर कुलरला वाळ्याची नवी ताटी बसवतो, कैऱ्या आणतो आणि दुपारी बाराच्या आत घर गाठायची धडपड करतो. वाराभाऊ अक्षय तृतीयेला साबण बंद करतात. त्या दिवशी अख्खं शहर सोनं घ्यायला इतवारीत लोटलेलं असतं, आणि हे गृहस्थ न्हाणीघरातली वडी कागदात गुंडाळून माळ्यावर टाकत असतात. वैशाखी पौर्णिमा तिथून बारा दिवसांवर आलेली असते. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखातं लोकांना पाणवठ्यावरच्या मचाणांवर बसू देतं. त्या रात्री आपण चितळाच्या नाकाला सापडता कामा नये, एवढंच वाराभाऊंचं म्हणणं असतं.

वाराभाऊ हे नाव मी ठेवलेलं. खरं आडनाव देशपांडे असेल, वानखेडे असेल, मेश्राम असेल. हा माणूस धरमपेठेत आहे तसा महालात आहे, नंदनवनात आहे. एका बाजूला पेंच, दुसरीकडे बोर, तिसरीकडे उमरेड-कऱ्हांडला आणि जरा पुढे ताडोबा नि नवेगाव-नागझिरा असलेल्या या शहरात दर दोन गल्ल्यांमागे एक असावा, असा माझा अंदाज. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे. बँकेतून नाहीतर वीज मंडळातून निवृत्त. अंगात मातकट रंगाचा सदरा, पायात चपला. कारण बूट पावलांचा वास कोंडून ठेवतात.

साधा जंगलवेडा आणि वाराभाऊ यांची गल्लत करू नये. साधा जंगलवेडा वाघ पाहायला जातो, फोटो काढतो, आणि नाही दिसला तर जिप्सीवाल्यावर चिडतो. वाराभाऊ जंगलात जातात ते न दिसता, न ऐकू येता आणि मुख्य म्हणजे न हुंगलं जाता परत यायला. "वाघ दिसणं नशीब आहे," ते म्हणतात, "चितळ न बुजणं ही विद्या आहे." टायगर कॅपिटल म्हणवून घेणाऱ्या गावात हे वाक्य भर चौकात बोलायला छाती लागते, आणि ती त्यांच्याकडे आहे.

त्यांच्या खिशात एक पुरचुंडी असते. जुन्या धोतराचं विरलेलं फडकं, त्यात वस्त्रगाळ केलेली गोवऱ्यांची राख, तोंडाशी दोऱ्याचे तीन वेढे. टिचकी मारली की फडक्यातून चिमूटभर राख धुरासारखी बाहेर पडते आणि वारा जिकडे असेल तिकडे सरकते. जुने शिकारी हीच युक्ती करायचे, आणि याहून स्वस्त व खात्रीचं यंत्र अजून निघालेलं नाही. हाताला लागत नाही अशी झुळूकही राखेला कळते. यात काहीच चूक नाही. चूक एवढीच की वाराभाऊ ती टिचकी व्हरायटी चौकाच्या सिग्नलवरही मारतात. लग्नाला गेले की मंडपाच्या दारात उभे राहून मारतात आणि मग पंगतीत कुठे बसायचं ते ठरवतात. पलीकडच्या काकूंच्या पांढऱ्या पैठणीवर एकदा राख बसली. "वारा ईशान्येचा आहे," एवढीच दिलगिरी त्यांनी व्यक्त केली.

हा छंद वंशपरंपरेनं आला. आजोबा भंडाऱ्याकडचे छोटे मालगुजार. मध्य प्रांताच्या त्या दिवसांत सरकारी जंगलांचे शूटिंग ब्लॉक पाडलेले असत, परवाना काढून ठरलेल्या मुदतीत ठरलेली जनावरं मारता येत. आजोबांनी मारलेल्या सांबराची शिंगं बैठकीत अजून आहेत आणि त्यांच्याखाली वनखात्याचं मालकी प्रमाणपत्र चौकटीत लावलेलं आहे. पाहुण्यांना आधी प्रमाणपत्र दाखवायचं, मग शिंगं, असा शिरस्ता. वाराभाऊ शाळेत होते तेव्हा १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि बंदूक भिंतीवरून उतरली. मारायचं राहिलं, पण मारायच्या आधीची सगळी विद्या घरात तशीच पडून होती: दबकत जाणं, वारा धरणं, पाचोळा न वाजवता पाऊल टाकणं. वारशात घर धाकट्याला गेलं, शेत मधल्याला गेलं, थोरल्याला ही विद्या मिळाली.

"आज कोणी चितळ मारलं तर?" मी एकदा मुद्दाम विचारलं.

"तुरुंगाची हवा," वाराभाऊ म्हणाले. "तिथे मग वारा कुठूनही असो."

शिकारीची जुनी पुस्तकं ते पोथीसारखी वाचतात. फॉर्सिथचं १८७१ चं सातपुड्यावरचं पुस्तक, डनबार ब्रँडरचं १९२३ चं, दोन्हींच्या झेरॉक्स त्यांनी बांधून घेतल्या आहेत. पण सगळ्यांत जीव जिम कॉर्बेटवर. कॉर्बेटनं कुमाऊंच्या नरभक्षकांबद्दल लिहून ठेवलंय की माणसाला वास घेता येत नाही हे वाघाला ठाऊकच नसतं. हरणाला गाठताना तो जसा वारा तोंडावर घेत येतो तसाच माणसालाही गाठायला येतो. कॉर्बेटनं यावरून पुष्कळदा स्वतःचा जीव वाचवला. वारा कुठून आहे ते पाहायचं आणि वाघ कुठे दबा धरून असेल ते ताडायचं. वाराभाऊंना हा उतारा वाचून भरून येतं. "बघा," ते म्हणतात, "आपल्याला नाक आहे असं या जगात फक्त नरभक्षक वाघ मानतो. घरात कोणी मानत नाही."

घरात न मानण्याला कारणं आहेत. अक्षय तृतीयेनंतर कांदा बंद, लसूण बंद. सावजीकडे जाणारी वाट बंद. तर्री-पोह्यांतली तर्री बंद. खर्रा त्यांनी कधी खाल्ला नाही, पण खर्रा घोटणाऱ्या टपरीसमोरून जातानाही ते रस्ता ओलांडतात, कारण सुगंधी तंबाखूचा वास सदऱ्याला धरतो. देवघरातल्या अगरबत्तीवर त्यांचं आणि वहिनींचं दरवर्षी वाजतं. वहिनी म्हणतात, देव आधी. वाराभाऊ म्हणतात, देवाला फुलं चालतात. शेवटी पौर्णिमेपर्यंत देवाला नुसतं निरांजन, असा समझोता झालेला आहे.

मचाणाचे कपडे वेगळे. ते नुसत्या पाण्यात पिळायचे, गच्चीवर कडुलिंबाच्या सावलीत वाळवायचे आणि मग सागाच्या वाळक्या पानांबरोबर गोणपाटात भरून ठेवायचे. पूर्वी त्या गोणपाटात चितळाच्या लेंड्याही असत असं ऐकिवात आहे. पण अभयारण्यातून काडीही बाहेर आणायला मनाई आहे, आणि वाराभाऊ कायद्याचे पक्के. तेव्हा आता गोरेवाड्याच्या बाजूच्या एका धनगराकडून शेळीच्या लेंड्या येतात. दोन्ही रवंथ करणारी जनावरं, असा त्यांचा युक्तिवाद. वहिनींनी एके वर्षी ते गोणपाट खत समजून मोगऱ्याच्या कुंडीत ओतलं. मोगरा त्या वर्षी फार फुलला. वाराभाऊ आठवडाभर बोलले नाहीत.

"बाप्पा, काय सांगू तुम्हाला," वहिनी मला म्हणाल्या, "आता ह्यांच्याजवळ मच्छरही नाही येऊन राहिले. चितळ काय येईन?"

खरा घाव मात्र पुतणीनं घातला. ती सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी. तिनं समजावून सांगितलं की ताज्या घामाला जवळजवळ वासच नसतो. कातडीवर राहणारे जंतू तो घाम खातात आणि त्यातून वास तयार होतो. काखेतला घाम त्यांना विशेष आवडतो. तेव्हा पंचेचाळीस डिग्रीच्या नागपुरात साबण सोडणं म्हणजे त्या जंतूंना बारा दिवसांची पंगत घालणं. "काका, तुम्ही वास कमी नाही करून राहिले. पाळून राहिले."

वाराभाऊंनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तो वास नैसर्गिक आहे."

"म्हणूनच चितळाला तो ओळखता येते ना!"

यावर उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून साबणाच्या जागी रिठा आणि बेसन आलं. घरानं पुतणीला साडी घेतली.

अमेरिकेतल्या भाच्यानं यात आणखी तेल ओतलं. तिकडे हरणांची शिकार कायद्यानं चालते, हंगाम ठरलेला असतो, आणि शिकाऱ्याच्या अंगाचा वास घालवणं हा मोठा धंदा आहे. बिनवासाचा साबण, बिनवासाचं डिओडरंट, कपड्यांवर मारायचे फवारे, कोळशाचं अस्तर असलेले सदरे-विजारी, झाडावर बसल्या-बसल्या ओझोन सोडणारं यंत्र. शिवाय बाटलीत भरलेलं हरणीचं मूत्र. हरणांमध्ये पसरणाऱ्या क्रॉनिक वेस्टिंग डिसीजच्या भीतीनं काही राज्यांनी खऱ्या मूत्रावर बंदी घातली, तर दुकानदारांनी कृत्रिम आणलं. भाच्यानं फवाऱ्याची बाटली पाठवली. वाराभाऊंनी ती नाकाशी धरली, डोळे मिटले आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत.

"काय वास येते?" वहिनींनी विचारलं.

"काहीच नाही."

"मग डॉलर कायचे दिले पोरानं?"

हे सगळं खरं, पण वाऱ्याबद्दल वाराभाऊ बोलायला लागले की मी वही काढतो. तिथे हा माणूस विनोदी राहत नाही. हरणाच्या नाकापुढे आपला साबण, रिठा नि फवारा सगळे सारखेच, हे त्यांनाही आतून ठाऊक आहे. चितळाचं ओलसर नाक वास धरून ठेवतं, सांबराचं त्याहून तिखट. माणूस श्वास सोडतो, कातडीचे न दिसणारे कण गाळत बसतो. जिवंत आहे तोवर त्याचा वास थांबत नाही. थांबवता येत नाही तेव्हा वळवायचा, आणि वळवणारा एकच, तो वारा. जनावर वाऱ्याच्या वरच्या अंगाला आणि माणूस खालच्या अंगाला असला की बारा दिवसांचा न धुतलेला सदरासुद्धा माफ असतो. उलट झालं की जनावराला वारा लागला, आणि मग गंगेत नाहून आलात तरी उपयोग नाही.

वैशाखात दिवसा जमीन तापते, हवा वर चढते. भर दुपारी मचाणावर बसलेल्याचा वास आकाशात निघून जातो. म्हणून टळटळीत उन्हात चितळांचे कळप मचाणाखालून बिनधास्त पाण्यावर येतात आणि नवखा माणूस समजतो, आपल्याला जमलं. खरी परीक्षा सूर्य कलल्यावर. जमीन निवायला लागली की थंड हवा जड होते आणि टेकाडावरून नाल्यानं खाली उतरते. पाणवठा तर हमखास खोलगटातच असतो. म्हणजे आजूबाजूच्या सगळ्या उतारांची हवा रात्री तिथे येऊन साचते आणि उतारावरच्या मचाणातला माणूस आपोआप खाली पोहोचवला जातो. दिवसा वारा चढतो, रात्री उतरतो, एवढं ज्याला कळलं त्याला अर्धं जंगल कळलं, असं वाराभाऊ म्हणतात आणि मला ते पटतं. गावठी शिकारी लोक हे पुस्तकाशिवाय जाणत होते. पारधी तर शिकवलेल्या गाई-बैलाच्या आडून जनावराच्या जवळ जात. माणूस झाकायचा तो झाकला जायचाच, वर गुरांचा वास, आणि तो हरणांच्या रोजच्या सवयीचा.

आता एक अडचणीची गोष्ट. पेंचमध्ये जिप्सीत बसलेले पर्यटक अत्तरात न्हालेले असतात, चिप्स खात असतात, आणि चितळ त्यांच्यापासून दहा पावलांवर निवांत चरत असतात. वाराभाऊंना हे दृश्य सहन होत नाही. त्यांचं स्पष्टीकरण असं: गाडी रोज येते, रोज जाते, कधी काही करत नाही, चितळाच्या लेखी गाडीतला माणूस हा माणूसच नव्हे, तो गाडीचा भाग. हाच माणूस खाली उतरून पायी चालू लागला तर कळप शेपट्या वर करून पसार होईल. स्पष्टीकरण बरोबर आहे. पण सांगताना त्यांचा आवाज थोडा कापतो.

सराव मात्र वर्षभर. जंगलात पायी कोणी फिरू देत नाही, म्हणून महाराजबागेत. भोसल्यांच्या काळातली ही बाग, आता कृषी महाविद्यालयाच्या ताब्यातलं प्राणिसंग्रहालय. सकाळी तिकीट काढून वाराभाऊ आत शिरतात, टिचकी मारतात, वारा तोंडावर घेत हरणांच्या कुंपणाकडे झाडामागून झाडामागे सरकतात. बाकीची मंडळी फिरायला आलेली. त्यांतले एक निवृत्त न्यायाधीश बरेच दिवस समजत होते की वाराभाऊंना उधारीवाला शोधतो आहे. इतकं करून कुंपणापाशी पोहोचावं तर आतली हरणं धावत पुढे येऊन जाळीला नाक लावतात. फलक वाचूनही शेंगदाणे टाकणाऱ्या जनतेनं त्यांना शिकवलंय की माणसाचा वास आला म्हणजे खाऊ आला. वाराभाऊंच्या विद्येचा याहून क्रूर अपमान मी पाहिलेला नाही.

एक आहे, म्हणा. टी-वनच्या वेळी त्यांचा झाला तो. २०१८ साली यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा-राळेगावच्या टापूत या वाघिणीची दहशत होती. तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर लागले होते. तिला शोधायला कॅमेरे, ड्रोन, कुत्रे असं सगळं झालं, आणि मग बातमी आली की वनखातं तिला कॅमेऱ्यांपाशी आणायला कॅल्विन क्लाइन कंपनीचं ऑब्सेशन फॉर मेन हे अत्तर शिंपडणार. बातमीत दम होता. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात २००३ च्या सुमारास चित्त्यांना निरनिराळी अत्तरं हुंगवून पाहिली, तेव्हा त्यांनी याच अत्तराला पसंती दिली होती. त्यात जवादी मांजराच्या कस्तुरीतला सिव्हेटोन हा घटक असतो. वाराभाऊंनी पेपर खाली ठेवला. जन्मभर ज्यानं पोरांना, शेजाऱ्यांना, सहलीच्या बसमधल्या अनोळखी बायकांना "जंगलात सेंट नको" असं सांगितलं, त्याच्या राज्यात सरकारच जंगलात सेंट शिंपडत होतं. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती वाघीण गोळीनं मारली गेली. तिच्यामागे दोन बछडी होती. वाद कोर्टापर्यंत गेला, गाव दोन तट पडून भांडलं. वाराभाऊ कुठल्याच तटात गेले नाहीत. गेलेल्या माणसांचं वाईट वाटलं, वाघिणीचंही. आणि "नाकावरून कोणाला फसवणं मला पटत नाही," एवढंच ते म्हणाले. चितळापासून स्वतःला लपवणं हे फसवणं नव्हे काय, असं विचारायची ती वेळ नव्हती.

वाघाच्या वासाचं मात्र त्यांना वेड आहे. वाघ झाडावर मागच्या मागे पिचकारी मारून हद्द आखतो. कोलकात्याचे शास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी यांनी दाखवून दिलं की त्या द्रवात बासमतीच्या सुगंधाचाच रेणू असतो. हे कळल्यापासून वाराभाऊ प्रत्येक सफारीत नाक वर करून असतात. घरी वहिनींनी भंडाऱ्याचा चिन्नोर शिजवला की हे बैठकीतून उठून स्वयंपाकघराच्या दारात येतात आणि हलक्या आवाजात म्हणतात, "नुकताच गेला."

त्यांच्याबरोबर मचाणावर बसण्याचा योग मला आला तो पेंचमध्ये. जबलपूर रोडनं मनसर मागे टाकून सिल्लारीकडे वळलो तेव्हा जीपमध्ये खिडक्या उघड्या ठेवायला कोणाची हरकत नव्हती. सोबतीला दिलेला वाटाड्या जवळच्याच गोंड वस्तीतला, चाळिशीतला, कमी बोलणारा. मचाणाखाली त्यानं चिमूटभर माती उचलली, बोटांतून सोडली, एकदा पाहिलं आणि चढला. वाराभाऊंनी राख उडवली, होकायंत्र काढलं, पुन्हा राख उडवली, वहीत नोंद केली. निष्कर्ष तोच निघाला. वारा पाण्याकडून मचाणाकडे.

मग वाटाड्यानं गाठोडं सोडलं. भाकरी, झुणका, हिरवी मिरची आणि मुठीनं फोडलेला कांदा. कांद्याचा वास मचाणभर झाला. वाराभाऊ पांढरे पडले.

"अहो, हे काय! चितळ येणार नाही."

"येईन जी," तो घास चावत म्हणाला. "वारा आपल्याकडं येऊन राह्यला. तुमी बसा चूप."

चितळ आलं. एक नाही, कळप आला. म्होरकी मादी पुढे, दर चार पावलांना थबकायची, पुढचा एक पाय उचलायची, कान फिरवायची. पाण्याशी आल्यावरही तिनं आधी इकडे मान वळवून आमच्या झाडाकडे पाहिलं, नाक फेंदारलं. वाराभाऊंनी श्वास धरला. वाटाड्याच्या हातात अर्धा कांदा तसाच. ती मादी बघत राहिली, बघत राहिली आणि खाली वाकून पाणी प्यायला लागली. मागून पिल्लं आली, शिंगाडे आले. वाराभाऊंच्या डोळ्यांत पाणी होतं. कांद्याचं की कशाचं, ते मी विचारलं नाही.

रात्री चांदणं पडलं. ही मचाणावरची रात्र एके काळी गणना म्हणून व्हायची. आता मोजणी कॅमेरा ट्रॅप आणि ठरवून आखलेल्या रेषांवर चालून होते, आणि लोकांसाठी जी उरली तिला 'निसर्गानुभव' म्हणतात. वाराभाऊ तक्ता मात्र अजून गणनेच्याच गांभीर्यानं भरतात: वेळ, जनावर, नर-मादी, वाऱ्याची दिशा. शेवटचा रकाना त्यांनी स्वतः आखलेला. मध्यरात्रीनंतर हवा उतरली. मानेवर थंड लागलं तेव्हाच त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण आता आमचा तिघांचा वारा नाल्यानं खाली चालला होता. थोड्याच वेळात पलीकडच्या काठावर सांबर ढांकलं. एकदा, दोनदा, मग सारखंच. पाय आपटल्याचा आवाज, आणि फांद्या मोडत ते निघून गेलं.

"तुम्ही सकाळी दाढी केली," वाराभाऊ माझ्या कानात म्हणाले. "साबणानं."

उरलेली रात्र मी आरोपीच्या पिंजऱ्यात काढली.

उजाडल्यावर वाटाड्या खाली उतरून पलीकडच्या चिखलापर्यंत गेला आणि त्यानं हात केला. ताजी पावलं, चौकोनी-गोल, मोठी. नर वाघ त्या काठानं पाण्यावर येऊन गेला होता आणि सांबर त्याच्यावर ओरडलं होतं. आम्ही तिघं जागे असून, चांदणं असून, झाडोऱ्यामुळे आम्हाला तो दिसला नाही. दुसरा कोणी असता तर कपाळ बडवून घेतलं असतं. वाराभाऊंचा चेहरा उजळला. त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"म्हणजे सांबराला आपला वास नाही आला!"

वाघ हुकल्याचा एवढा आनंद झालेला माणूस अख्ख्या विदर्भात दुसरा नसावा. परतताना मनसरला तर्री-पोहे खाल्ले, दोन प्लेट, वरून कच्चा कांदा.

माझं मत विचाराल तर जंगलात जाणाऱ्यांच्या सगळ्या जातींत ही जात सगळ्यांत निरुपद्रवी आहे. हे लोक ओरडत नाहीत, गाडी पुढे घ्यायला लावत नाहीत, मोबाइल बंद ठेवतात, रॅपर खिशात घालून परत आणतात. जनावराला आपला त्रास होऊ नये म्हणून स्वतःच्या घरादाराला त्रास देणारा माणूस सोबतीला मिळणं वाईट नाही. तेव्हा यंदा निसर्गानुभवासाठी नाव नोंदवलंत आणि मचाणाचा जोडीदार म्हणून एखादे वाराभाऊ वाट्याला आले, तर बदलून मागू नका. फक्त बसण्याआधी वारा पाहून घ्या आणि वरच्या अंगाची जागा तुम्ही धरा.